मऊ होईस्तोवर

"काढ ते अंगावरचं, आणि हे नेस," आत्ती म्हणाल्या आणि कोरं करकरीत लुगडं त्यांनी माझ्या मांडीवर टाकलं.

माझं लग्न होऊन दोन-तीन महिने झाले असतील. मी चुलीपुढं बसून भाकरी थापत होते, हात पिठानं भरलेले. लुगड्याला डाग लागू नये म्हणून कोपरानंच ते बाजूला सारलं आणि मनात म्हटलं, वैजयंते, नशीब काढलंस गं बाई! लग्नात आलेली सोडून हे तिसरं नवं लुगडं. माझ्या आईला वर्षाला दोन मिळायची, त्यातलं एक बेंदराला मिळालं की दिवाळीचं मिळेलच याची खात्री नसायची.

"आत्ती, हे चांगलं हाय की अजून," मी म्हटलं. "आत्ता कुठं जरा मऊ झालंय."

"म्हणूनच तर काढ म्हणतीया."

मला काही कळलं नाही. सासू हौशी आहे एवढंच कळलं. मी हात धुतले, आत जाऊन लुगडं बदललं आणि मऊ झालेलं घडी करून त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते गालाला लावून बघितलं, मान हलवली आणि ट्रंकेत ठेवलं. जपून ठेवतात बाई माझं, असंही मला त्या वेळी वाटलं होतं. अठरा वर्षांची होते मी.

आमचं सासरचं गाव आष्ट्याच्या अलीकडं. घरात आत्ती, आमचे हे आणि मी. सासरे कधीच गेलेले. ह्यांना साखर कारखान्यात सीझनपुरतं काम असायचं, बाकीचं वर्ष आत्तींच्या गोधड्यांवर निघायचं. गोधड्या तशा गावात सगळ्याच बायका शिवतात, पण त्या आपल्या अंथरुणापुरत्या. आत्तींच्या मात्र पुण्याला जायच्या. तिथं देवस्थळी म्हणून एक बाई होत्या, त्यांचं तान्ह्या बाळांच्या सामानाचं दुकान होतं. त्यांना बाळाच्या अंगाखाली घालायच्या छोट्या गोधड्या लागायच्या, त्याही जुन्या सुती लुगड्याच्याच. तान्ह्या लेकराच्या अंगाला कोरं कापड लावायचं नाही, वापरून विरलेलं लावायचं, ही आपली रीत. पुण्याच्या लोकांना रीत ठाऊक होती, पण घरात जुनं लुगडं राहिलं नव्हतं. ते आत्ती पुरवायच्या.

मी पहिल्यांदा माहेरी गेले तेव्हा हे कौतुक सांगून सांगून माझी जीभ दमली. आईनं गल्लीभर केलं. "आमच्या वैजूला सासू म्हयन्याला नवं लुगडं नेसवती!" माझा मोठा भाऊ अण्णा, तो तर मिशीला पीळ द्यायचाच बाकी राहिला. स्थळ त्यानंच शोधलेलं ना.

खरं काय ते मला ओढ्यावर कळलं. धुणं घेऊन गेले की बायका एकमेकींकडं बघून हसायच्या. "आली बघा, आली लुगड्यांची राणी!" मला वाटायचं, जळतायत मेल्या. एक दिवस शेजारच्या हौसाक्कांना राहवलं नाही. त्या लाकडी मोगरीनं धुणं बडवायच्या थांबल्या आणि म्हणाल्या, "अगं येडे, सासू तुला नेसवत न्हाई. तुझ्याकडनं मऊ करून घेतीया."

"म्हंजे?"

"म्हंजे काय? तुझ्या अंगावर जुनं झालं की कापायचं, शिवायचं, नि पुण्याला धाडायचं. तुला ठेवलंय कुठलं? दाव की एक तरी."

एकही नव्हतं. मी धुणं तसंच पिळून टोपलीत टाकलं आणि तरातरा घरी आले. आत्ती सोप्यात बसून शिवत होत्या. त्या दिवसांत त्या स्वतः बुळबुळीत नायलॉनच्या साड्या नेसायच्या, आणि मला वाटायचं म्हातारपणी हौस आलीय.

"आत्ती, हौसाक्का म्हणत्यात ते खरं हाय का?"

"कशाचं?"

मी सांगितलं. मला वाटलं होतं, त्या चपापतील, निदान चिडतील तरी. कशाचं काय! सुईत दोरा ओवता ओवताच म्हणाल्या, "व्हय. मग? त्यात लपवण्यासारखं काय हाय?"

मी धुण्याची टोपली तिथंच खाली ठेवली.

"बस हितं," त्या म्हणाल्या. "आधी बोहारीण यायची. भांड्याच्या बदल्यात गावभरची जुनी लुगडी घ्यायची नि मला देऊन जायची, वर चहा पिऊन आशीर्वाद द्यायची. आता बायका सगळ्या ह्या असल्या साड्या नेसायल्यात. जी काय चार सुती निघत्यात ती व्यापारी वजनावर उचलतो, कारखान्यात मिशिनी पुसायला. बोहारीण म्हणती, तो देतो तेवढं तू दे, न्हाईतर बस. म्हंजे बघ, जुनं म्हाग आणि नवं सवंग! इचलकरंजीला फेल माल मिळतो. कुठं धागा तुटलेला, कुठं काठ वाकडा. निम्म्या दरात देत्यात. फक्त त्याला जुनं करायला कोण तरी पायजे."

"आणि ती मी."

"मग कोण? माझा हणमंता नेसंल का लुगडं?"

"तुम्ही नेसा की."

"नेसत हुते. माझ्या अंगावर आता मऊ हुत न्हाई. मी दिसभर एका जागी बसलेली. कापडाला घाम लागतो, वाकणं-उठणं लागतं. दगडावर बडवलं तर विरतं, पण मऊ हुत न्हाई. ते तरण्या अंगावरच हुतं." आणि मग, जणू माझं कौतुक करावं तसं म्हणाल्या, "तुझ्या अंगावर लौकर हुतं बघ. हाताला गुण हाय तसा तुझ्या अंगाला गुण हाय."

खरं सांगते, मला राग यायच्या आधी हसूच आलं. असलं कौतुक कुणाच्या वाट्याला आलंय? पण रात्री अंथरुणावर पडले तेव्हा हसू गेलं आणि माझ्या ध्यानात आलं की जोवर मी ह्या घरात आहे तोवर माझ्या अंगाला मऊ कापड लागायचं नाही. मऊ झालं की ते जाणार. काचेल ते माझं, मऊ होईल ते दुसऱ्याचं.

आणि काचायचं म्हणजे काय काचायचं! फेल मालाला खळ दाबून घातलेली असते. नऊवारीचा कासोटा घातला की मांड्यांना करवत लागल्यासारखं व्हायचं. कमरेला चट्टे उठायचे. रंग पक्का नसायचा, त्यामुळं माझी कंबर कधी हिरवी, कधी जांभळी. पुण्याची मागणी वाढली तशी आत्तींनी दिवसाचीही वाटणी केली: सकाळी रानात, धुण्याला, जळणाला एक लुगडं, आणि दुपारनंतर शेणकुटाला, दळणाला दुसरं. नांगराचे बैलसुद्धा दुपारी सुटतात, मी तेवढी लुगडं बदलून परत जुंपली जायची.

मग दोरा महागला. रिळाचा भाव ऐकून आत्ती दुकानातून तशाच परत आल्या आणि दोन दिवस कुणाशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी उरलेल्या काठांच्या पट्ट्या माझ्यापुढं टाकल्या. काठाचा धागा पक्का असतो. तो एकेक उसवून काढायचा, दोन-तीन एकत्र वळायचे, मेणावरून ओढायचे, की झाला गोधडीचा दोरा. संध्याकाळी स्वयंपाक उरकला की हे माझं काम. बोटांची टोकं सोलून निघायची.

एकदा मी म्हटलं, "आत्ती, पुण्याच्या बाईंना दर वाढवून का मागत न्हाई?"

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की जणू मी घराला काडी लावायची भाषा केली. "गिऱ्हाईक तोडायचं हाय का माझं? पुण्याला असल्या गोधड्या देणाऱ्या छप्पन्न जणी बसल्यात. ही बाई गेली म्हंजे आपण काय खायचं? तू तुझं काम कर."

मी ह्यांच्याकडं बघितलं. हे छपराकडं बघत होते. आमच्या ह्यांचा स्वभाव तसा गरीब, मला कधी उणं बोलले नाहीत, पण आईपुढं तोंडात मूग. इचलकरंजीहून गठ्ठा आणायचा आणि शिवलेला माल एसटीच्या पार्सलात टाकायचा, एवढंच त्यांना येत होतं.

माहेरी तरी सांगावं, तर तिथं मीच दिवे लावून ठेवलेले. आई अजून गल्लीत सांगतच होती. आता कुठल्या तोंडानं म्हणू, की आई, ती लुगडी माझी नव्हती?

आणि मग मला दिवस राहिले.

आत्ती खूश झाल्या. त्यांनी माझ्यासाठी डिंकाचे लाडू केले, पाण्याची खेप हौसाक्कांच्या सुनेकडं दिली. लुगडी मात्र चालूच राहिली. पोट वाढलं तसा कासोटा आवळायचा, कोरं कापड पोटाला घासायचं. आतलं लेकरू लाथ मारायचं, तेव्हा मी म्हणायचे, बाबा, तुला बी काचतंय होय?

त्या दिवसांत मला दुसरं काही नको होतं. आंबट नको, गोड नको. आपल्या लेकराला पहिल्यांदा गुंडाळतील ते कापड मऊ असावं, आणि ते मी नेसलेलं असावं, एवढंच. जगातल्या कुठल्याकुठल्या लेकरांना माझ्या अंगावरचं मऊ लुगडं मिळत होतं. माझ्याच लेकराला ते मिळू नये म्हणजे काय?

एक हिरवं लुगडं होतं, पिवळ्या काठाचं. सबंध पावसाळा मी ते नेसलं होतं. भांगलणीच्या चिखलात ते भिजलं, चुलीपाशी वाळलं आणि असं मऊ झालं की हातात घेतलं तर सुटून खाली पडेल. आत्तींनी ते काढायला सांगितलं तेव्हा मी धीर केला.

"आत्ती, हे एवढं राहू द्या. आपल्या बाळाला."

त्या विचारात पडल्या. खोटं कशाला बोलू, पडल्या. लुगडं दोन्ही हातांत धरून उंबऱ्याशी उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "दिवाळीचा माल जाऊ दे. त्याच्या मागनं जे पहिलं मऊ हुईल ते तुझं."

मी मान हलवली.

सातव्या महिन्यात अण्णा न्यायला आला. पहिलं बाळंतपण माहेरचं, त्यात बोलायचं काही नव्हतं. आईनं करंज्या धाडल्या होत्या. मी पिशवी भरून ठेवली होती. आत्तींनी त्याला जेवू घातलं, सुपारी दिली आणि मग म्हणाल्या, "पाव्हणं, एक सांगू का? एवढा दिवाळीचा माल जाऊ दे. मग घिऊन जावा खुशाल."

"तवर लई अवघडंल की हो ती," अण्णा म्हणाला.

"अजून लई अवकाश हाय. डाक्तरनं सांगितलंय. हितं काय तिला दळाय-कांडाय लावलंय का? बघा की तुमीच."

अण्णानं माझ्याकडं बघितलं. माझ्या अंगावर आदल्या दिवशी घडी मोडलेलं जांभळं लुगडं होतं. त्याचा चेहरा उजळला. "व्हय, कौतुक हाय खरं पोरीचं," तो म्हणाला. "काय वैजे? येतीस का ऱ्हातीस?"

अण्णा, आत्ती आणि आमचे हे, तिघंही माझ्याकडं बघायला लागले. कमरेला खळ टोचत होती. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, अण्णा, मला आत्ता घेऊन चल, आहे तशी. आणि तोंडातून काय निघावं?

"माल जाऊ दे. मग येते."

अण्णा करंज्यांचा डबा रिकामा करून घेऊन गेला. मी भरलेली पिशवी परत खुंटीला अडकवली.

माल निघायच्या दिवशी सकाळपासून माझी कंबर दुखत होती. आत्तींनी गोधड्या एकावर एक रचल्या, वर पोतं चढवून तोंड सुतळीनं शिवून टाकलं आणि गठ्ठा सोप्यात ठेवला. हे दुपारच्या एसटीत टाकायला नेणार होते. मी शेवटच्या धाग्यांचा पसारा उचलायला वाकले आणि तिथंच बसले. दिवस भरायला चांगला महिना होता, पण लेकराला ते कुणी सांगितलं नव्हतं.

ह्यांनी सायकल मारत उपकेंद्रातल्या पाटोळे सिस्टरना आणलं. त्या आल्या तेव्हा सगळं इतकं पुढं गेलं होतं की मला कुठं हलवायची सोय राहिली नव्हती. आत्ती माझं डोकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मी त्यांचा हात इतका आवळला की पुढं चार दिवस त्यांना सुई धरता आली नाही.

पोरगी झाली. एवढीशी, लालबुंद.

"चला, जुनं मऊ कापड द्या," सिस्टर म्हणाल्या.

आत्ती उठल्या. ट्रंक उघडल्याचा आवाज आला, मग दुसरी ट्रंक. उतरंडीमागं काहीतरी खुडबुडलं.

"अहो, लवकर!"

आत्ती बाहेर आल्या त्या हातात कोरं लुगडं घेऊन. सिस्टरनी ते चिमटीत धरून बघितलं आणि त्यांचा पारा चढला. "हे? हे काय पोतं आणलंत? दिवसांच्या आधीचं लेकरू आहे, कातडी सोलून निघेल! जुनं नाही का काही?"

आत्तींनी दांडीवरची आपली नायलॉनची साडी ओढली, बघितली आणि टाकून दिली. घरात दुसरं काही नव्हतं. कोरं होतं, नायलॉन होतं, आणि जे मऊ म्हणून होतं ते सगळं सोप्यात पोत्यात शिवलेलं होतं.

"नवल आहे बाई," सिस्टर म्हणाल्या. "गोधड्या शिवता ना हो तुम्ही?"

आत्ती दारात उभ्या होत्या. मला त्यांची पाठ दिसत होती, त्यापलीकडं गठ्ठा दिसत होता.

"आत्ती," मी म्हटलं. आवाज कसा निघाला कोण जाणे. "फोडा तो."

त्यांनी विळा घेतला आणि सुतळी कापली. वरचीच गोधडी ओढून आणली. हिरवी, पिवळ्या काठाची. सिस्टरनी त्यात पोरीला गुंडाळून माझ्या कुशीत ठेवलं. मी गालाला लावून बघितलं आणि मला असं रडू फुटलं की सिस्टर घाबरल्या, म्हणाल्या, "काय होतंय?" काही होत नव्हतं. मला सुख झालं होतं.

पोत्याचं तोंड परत शिवून गठ्ठा संध्याकाळच्या गाडीनं गेला.

ती गोधडी आमच्याकडं पाचवीपर्यंत राहिली. पोरगी तिच्यावर झोपायची, ओली करायची. आत्ती ती ऊन पाण्यात धुवून चुलीपाशी वाळवायच्या, सुकली की परत पोरीखाली. दिवसातनं किती वेळा ते त्याच जाणोत. पाचवी पूजली आणि दुसऱ्या दिवशी मी उठून बघते, तर पोरगी हौसाक्कांच्या घरच्या फाटक्या धडप्यात गुंडाळलेली.

"आत्ती, गोधडी कुठं हाय?"

"पुण्याला गेली," त्या म्हणाल्या. माझ्याकडं बघितलं नाही. "एक कमी भरत हुती. स्वच्छ धुतली, इस्त्री मारली. हणमंता टाकून आला सकाळी."

मी रडले नाही, भांडलेही नाही. भिंतीकडं तोंड करून पोरीला पाजत पडले. मला एवढंच वाटत होतं, की इथून काही सुटका नाही. आज गोधडी नेली, उद्या काय नेतील? आणि बाळंतीण बाई जाणार कुठं? अण्णाला निरोप गेला होता, पण सव्वा महिन्याच्या आत लेकरू हलवायचं नाही असं आईनंच उलट कळवलं होतं.

महिनाभरानं हे नाक्यावरच्या बूथवरून धावतच आले. पुण्याच्या बाईंचा निरोप होता. फोन करा म्हणून त्यांनी सांगून ठेवलं होतं, ह्यांनी केला होता.

"आई, माल लई आवडला त्यास्नी," हे म्हणाले. "पण एक गोधडी मागनं गेली न्हवं, हिरवी? ती त्यांनी इकलीच न्हाई. म्हणत्यात, असली मऊ आजवर आली नाही. हे कसं केलंत? म्हणत्यात, इथून पुढं सगळ्या तसल्याच द्या."

आत्तींचे हात थांबले.

"आता ती कशानं झाली ते आपल्याला म्हाईतच हाय," हे म्हणाले. इतक्या दिवसांत ह्यांना पहिल्यांदाच काहीतरी सुचलं होतं आणि त्या आनंदात त्यांना धड उभंही राहवत नव्हतं. "नवीन शिवलेली पोरीखाली आठ दिवस घालायची. ऊन पाण्यानं धुवायची, वाळवायची, परत घालायची. झालं! लेकरू झोपतंय, काम हुतंय. फुकटात!"

आणि त्यांनी कोनाड्यातली, नुकतीच टाके घालून झालेली एक गोधडी उचलली, झटकली, आणि पोरीला अलगद वर उचलून तिच्याखाली अंथरली. पोरगी झोपेत कळवळली. तिनं पाय पोटाशी ओढले.

मी बघत होते.

"उचल ते," आत्ती म्हणाल्या.

"आं?"

"उचल म्हणती न्हवं? पोरीखालनं काढ ते."

"आई, अगं, पण पुण्याला..."

"पुणं गेलं खड्ड्यात!" मी आत्तींना तसं ओरडताना कधी ऐकलं नव्हतं. त्या स्वतः उठल्या, गोधडी खसकन ओढली आणि कोपऱ्यात भिरकावली. पोरीला उचलून छातीशी धरलं. "माझी नात कामाला लावायची न्हाई. सांगून ठिवते हणमंता. परत असलं काय काढलंस तर बघ."

माझा जीव भांड्यात पडला. आणि पडतो न पडतो तोच मी भडकले. म्हणजे ह्या बाईला नाही म्हणता येत होतं! आम्हाला वाटलं होतं की इलाज नाही, भाव वाढले, दोरा महागला, गिऱ्हाईक जाईल, कुणाच्या हातात काही नाही. आणि होतं की! नातीसाठी होतं.

"आत्ती," मी म्हटलं, "मग मला का लावलंत?"

हे चुळबुळले. आत्ती पोरीला थोपटत होत्या, त्या थोपटायच्या थांबल्या. मला वाटलं, आता काय बोलतायत कोण जाणे. त्या रागावल्या नाहीत. खरंच ठाऊक नसल्यासारखं त्यांनी मला उलट विचारलं:

"तू कवा न्हाई म्हणालीस?"

कधी म्हणाले होते? लुगडं काढताना नाही, अण्णापुढं नाही, गोधडी गेली तेव्हाही नाही.

"मग आता म्हणती," मी म्हटलं. "न्हाई. उद्यापास्नं मी तुमचं कोरं लुगडं नेसणार न्हाई. जे नेसंन ते मऊ झालं, विरलं, फाटलं तरी माझ्याच अंगावर राहील. नि माझ्या पोरीच्या."

हे आईकडं बघायचे, माझ्याकडं बघायचे.

"बरं," आत्ती म्हणाल्या.

"बरं काय बरं?" ह्यांच्या तोंडचं पाणी पळालं. "मग पुण्याला काय सांगू?"

"सांग, दोरा म्हागला, कापड म्हागलं. जुनी लुगडी इकत घ्यायची तर आता ह्या दरात जमत न्हाई. दर वाढवून द्या."

"आणि न्हाई दिला तर?"

"तर न्हाई," आत्ती म्हणाल्या आणि खाली बसून सुई उचलली. दोरा ओवायला गेल्या, तर ओवता येईना. दोनदा चुकला, तिसऱ्यांदा चुकला. मी जाऊन ओवून दिला.

दुसऱ्या दिवशी आम्ही सगळेच बूथवर गेलो. आत्तींनी आदल्या रात्रीपासून धड खाल्लं नव्हतं. ह्यांनी नंबर फिरवून रिसीव्हर त्यांच्या हातात दिला, त्यांनी तो विस्तव लागल्यासारखा माझ्या हातात दिला. "तूच बोल बाई. माझं काय धाडस हुत न्हाई."

पलीकडून बाईंचा आवाज आला. मी डोळे मिटले आणि एका दमात सगळं म्हणून टाकलं. दोरा, कापड, बोहारीण, व्यापारी. ह्या दरात जमत नाही. वाढवून देणार असाल तर देऊ, नाहीतर नाही.

मला वाटलं, संपलं.

"अहो, मग वाढवा ना," बाई म्हणाल्या. "त्यात एवढं काय? सगळंच महाग झालंय. मी इथं दुकानात दोनदा भाव वाढवले. मला वाटायचं, तुम्हाला परवडत असेल. आधी का नाही सांगितलंत?"

मी रिसीव्हर ठेवला. आत्ती माझा दंड धरून उभ्या होत्या.

"काय म्हणाली? काय म्हणाली गं?"

"वाढवा म्हणाल्या."

"आणि?"

"आणि काय न्हाई. आधी का न्हाई सांगितलं, म्हणाल्या."

"एवढंच?"

"एवढंच."

आत्ती बूथच्या पायरीवर मटकन बसल्या. रस्त्यावरून उसाच्या गाड्या चालल्या होत्या, त्यांच्याकडं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "पोटात लेकरू असताना तुला कासोटा घालायला लावला गं मी. नि एक फोन करायचा हुता."

त्यांना बरं वाटेल असं काहीतरी मला म्हणता आलं असतं. मी म्हटलं नाही. पोरगी भुकेनं रडायला लागली होती. तिला पदराखाली घेतलं आणि मी त्यांच्या शेजारी पायरीवर बसले.